मुळ्याचा वास

१

"या फ्रीजचं दार उघडलं की भूकच मरते. एवढं शिकलो-सवरलो ते काय, त्सुकुदासानच्या मुळ्याच्या वासात जेवायला? पण बोलायची सोय नाही!"

इथला संशोधक माकाबे हे स्वतःशीच पुटपुटला होता. पण दाराशी वाकून बर्फाचे बूट काढणाऱ्या सेगावा मिचियोला त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. तिने मान वर केली, तशी त्याने डबा पाठीमागे लपवला आणि कमरेत वाकून अशी काही "सुप्रभात" म्हटली, की जणू तोंडातून आजवर दुसरं काही निघालंच नव्हतं.

मिचियोने डब्याकडे काणाडोळा केला. प्रयोगशाळेच्या आवारात खाण्याचे डबे ठेवायला बंदी होती आणि इथले नियम आणि प्रयोगातले प्राणी, दोन्हींवर देखरेख हेच तिचं काम होतं. पण मिनातोबेत्सुची ही इमारत जुनी. बाहेर जेवणाचा फ्रीज, लगेच आत बाटल्यांची शीतखोली, आणि मध्ये झिजलेल्या रबराचं एक दार. पाच महिने बर्फ असणाऱ्या बंदरावर माणसं डबा ठेवणार कुठे? आणि आज ती डब्यांसाठी आलेली नव्हती. आज ती मेलेल्यांसाठी आली होती.

उंदीरखोलीत त्सुकुदाबाई वाट पाहत होत्या. तीस वर्षं त्यांनी इथले उंदीर सांभाळलेले. एरवी मिचियो आली की त्या गुडघ्यांपासून सुनेपर्यंत सगळी दुखणी सांगत. आज त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

काळे, लठ्ठ, तेलकट अंगाचे उंदीर. चरबीचं खाणं घालून मुद्दाम लठ्ठ केलेले, यकृत सुजवलेले. ओळीने मांडलेल्या पिंजऱ्यांमध्ये ते एकमेकांना बिलगून पडले होते, थंडीत झोपतात तसे. मिचियोने हातमोजा चढवून एकाला उचललं. पोट नगाऱ्यासारखं तट्ट, अंग गार.

"हे औषधाचे?" तिने विचारलं.

"औषधाचेच. पलीकडची ओळ नुसत्या पाण्याची. बघा की, कशी टुणटुणीत आहेत मेली." त्सुकुदाबाईंनी जीभ चावली. "म्हणजे, मेली नाहीत ती."

ज्यांना बरं करायचं होतं ती मेली, आणि ज्यांना तसंच सोडलं होतं ती जिवंत. मिचियोने उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला. मेलेले उंदीर तिने आयुष्यभर पाहिले होते, भीती त्यांची नव्हती. उद्या सकाळी वरच्या मजल्यावर हेच औषध पहिल्यांदा माणसं घेणार होती. कोमट पाण्यात मिसळून, कपातून. आणि त्या माणसांत एक तिचा नवरा होता.

२

प्रयोगशाळेचे प्रमुख आणि सगळ्यांचे गुरू उत्सुमी सेन्सेई यांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं होतं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. सगळं आयुष्य त्यांनी एका चिमुकल्या प्रथिनापायी घालवलं होतं, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं दिसलं नव्हतं. त्यांच्या खोलीच्या मुठीला लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. नववर्षाची सजावट अजून उतरवली नाही वाटतं, असं म्हणत मिचियो आत गेली.

"या, या, सेगावासान. चहा घ्या. कोसाकुसान कसे आहेत? रक्तातली साखर?"

"तशीच आहे, सेन्सेई. उद्याची वाट बघताहेत. म्हणतात, बायकोने जन्मभर उंदीर सांभाळले, आता मीच तिचा उंदीर होतो."

सेन्सेई मनापासून हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. "कुणी केलं असेल हो हे?"

"कुणी केलंच असेल कशावरून? औषधच वाईट असेल तर?"

"नाही." एवढंच म्हणून त्यांनी खिडकीच्या ओलसर काचेवर बोटाने एक नळी काढली आणि नळीच्या तळाशी ठिपके दिले. शिकवायला लागले की त्यांचं वय उतरायचं. "आतड्याच्या भिंतीत खोल बिळं असतात, आणि बिळांच्या तळाशी या पेशी. राखणदार. अन्न आलं की त्या हे प्रथिन सोडतात. डिफेन्सिन. जंतू मारणारी औषधं जगात पुष्कळ आहेत, सेगावासान, सगळी आंधळी. हे आंधळं नाही. बाहेरून आलेल्या गुंडाला मारतं आणि घरच्या जंतूंना हातही लावत नाही. घरचे सुखी, तर भिंत धड. भिंत धड, तर यकृताला विश्रांती, साखर आटोक्यात. म्हातारपणी, लठ्ठपणात राखणदार पेंगायला लागतात. मग घरात कोण शिरलं, कोण गेलं, पत्ता नाही. आपण फक्त त्यांच्या हातात काठी परत देतो."

"आणि घरचा कोण, बाहेरचा कोण, हे त्याला कसं कळतं?"

"गाठी!" सेन्सेईंनी काचेवर एक वाकडीतिकडी रेघ ओढून ती तीन ठिकाणी स्वतःशीच जोडली. "तीन गाठी आहेत त्याला. त्या नीट बसल्या तरच शहाणपण. कारखान्यातून येतं तेव्हा गाठी वेड्यावाकड्या असतात. म्हणून आपण आधी सगळ्या सोडवतो. मग सोडवणारं औषध काढून टाकायचं, गारव्यात सावकाश ढवळत ठेवायचं, की त्या आपोआप जागच्या जागी बसतात. नव्या वर्षाची पहिली बाटली मी स्वतःच्या हाताने करतो, ठाऊक आहे ना? यंदाही केली. लख्ख ऊन पडलं होतं, बर्फावर डोळा ठरत नव्हता. ओरिहारा माझ्यामागे उभी होती. गाठी बसेपर्यंत ती हलली नाही."

ठाऊक कुणाला नव्हतं? सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पहिलं काम गुरूच्या हातचं. मदतनीस ओरिहारा सोडून बाकीच्यांनी दाराशी वाकून नमस्कार करायचा आणि निघून जायचं, कारण गुरूच्या हाताकडे टक लावून पाहायचं नसतं. काम झालं की बाटलीच्या गळ्याला लाल-पांढऱ्या दोरीची शुभगाठ, आणि बाटली शीतखोलीत.

"माझ्या बाटलीत कुणीतरी विष घातलंय," सेन्सेई हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत निर्भेळ भीती होती, लहान मुलाच्या डोळ्यांत असते तशी. "माझ्याच माणसांपैकी कुणीतरी. त्याला शोधा. उद्याच्या आत."

दार वाजलं. ओरिहारा नोझोमी आत आली. सेन्सेईंचा उजवा हात, चाळिशीची, कधी पाहावं तेव्हा त्यांच्या अर्ध्या पावलावर मागे. तिने हलकेच कपाटातला कोट काढून सेन्सेईंच्या खांद्यांवर घातला. "दहाची बैठक, सेन्सेई."

"हो, हो, ती..."

"इमारतीच्या दुरुस्तीची."

"दुरुस्तीची. आलोच." ते उठले, दाराशी थबकले आणि वळून प्रसन्न हसले. "अरे, सेगावासान! केव्हा आलात? चहा घ्या ना. कोसाकुसान कसे आहेत?"

मिचियोच्या हातातला कप अजून गरम होता.

"बरे आहेत," ती म्हणाली. काळजीने माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. ओरिहाराने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही.

३

मिचियो पुन्हा उंदीरखोलीत आली. मघाशी भीतीच्या भरात जे सुटलं होतं ते आता दिसलं. औषधाच्या ओळीत अगदी कोपऱ्यातल्या एका पिंजऱ्यातले उंदीर मजेत दाणे कुरतडत होते.

"ही कशी वाचली?"

त्सुकुदाबाई ओशाळल्या. "रागावणार नाही ना? डिसेंबरच्या बाटलीत तळाला थोडं औषध उरलं होतं. टाकवेना. मला मेलीला साधं भाताचं शीत टाकवत नाही. म्हणून या पिंजऱ्याला आजवर तेच दिलं. बाकीच्यांना नववर्षाच्या बाटलीतलं."

म्हणजे औषध वाईट नव्हतं. बाटली वाईट होती.

मिचियोने मेलेल्यातला एक उंदीर उघडला. तिला विषाची लक्षणं ठाऊक होती. यातलं एकही नव्हतं. पण आतड्याची भिंत पातळ, कागदासारखी झालेली, आणि आतल्या मळाचा वासच वेगळा. उंदराच्या आतड्याला आपला एक वास असतो, नांदत्या घराला असतो तसा. इथे तो नव्हता. घर ओस पडलं होतं आणि ओस घरात नको ते शिरून मातलं होतं. हे विष घालणाऱ्याचं काम नव्हे, तिच्या मनात आलं. हे राखणदाराचंच काम. त्याने घरच्यांना मारलं.

"बाटली शिवली कुणी, त्सुकुदासान?"

"मी चमच्याने काढते तेवढंच. शुभगाठ सेन्सेईंनी स्वतः बांधलेली, तीही सोडायची नाही म्हणून मी बाजूने झाकण उचलायची. पहिल्या कामाच्या दिवशी काय हिमवादळ होतं, आई गं! बस बंद. मी चालत आले. सेन्सेई माझ्याआधी हजर, पायांत चपला मात्र दोन जोडांमधल्या." त्या हसल्या आणि हसू मध्येच गिळलं. "म्हणजे, घाईत होतं कुणाचंही."

मिचियोच्या डोक्यात कुठेतरी खटकलं. पण नेमकं काय, ते हाती लागेना. कारण त्सुकुदाबाईंच्या पुढच्या वाक्याने बाकी सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं.

"तुमचे मालक उद्या भाग्यवान हो. सेन्सेईंनी माणसांसाठीही पहिल्या कामाच्याच बाटलीतलं काढून ठेवायला सांगितलंय. शुभ म्हणून."

४

फोनवर कार्यालयातला माणूस अत्यंत नम्र होता. प्राण्यांचा विभाग सेगावासानचा, माणसांच्या चाचणीचे प्रमुख उत्सुमी सेन्सेई. औषध नसून पूरक आहार म्हणून परवानगी आहे. सेन्सेई म्हणाले तर लगेच थांबवू. सेन्सेई म्हणाले आहेत का?

सेन्सेई म्हणाले नव्हते. सेन्सेई म्हणत होते, गुन्हेगार शोधा.

मग तिने गुन्हेगारच शोधायला घेतला. माकाबेला कारण होतं. या प्रथिनाने भलंच होईल असं नाही, असं तो गेल्या वर्षी परिषदेत भर सभेत बोलला होता, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत त्याला कुणी जेवायला सोबत बोलवत नव्हतं.

"मीच असणार, नाही का?" मिचियो समोर बसताच तो म्हणाला. "मला वाटलंच. दाराशी कुरकुरणारा तो मी, परिषदेत नाक कापणारा तो मी. उंदीर मेले तर बरोबर ठरणाराही मीच."

"पहिल्या कामाच्या दिवशी तुम्ही होतात?"

"होतो. दाराशी वाकलो आणि गेलो. मी आणि त्सुकुदासान, दोघंच."

"आणि ओरिहारासान?"

"त्या कुठल्या! तापाने फणफणल्या होत्या. आठवडाभर अंथरुणात."

पुन्हा ते खटकणं.  तेवढ्यात माकाबेने कोपराने टेबलाचा खण लोटला. उघडा नव्हताच तो फारसा, एक फटभर. पण त्या फटीतून वास आला. मुळ्याचा.

"खण उघडा."

"माझ्या खाजगी..."

"माकाबेसान, माझा नवरा उद्या ते पिणार आहे!"

तिचा आवाज असा फाटला की दोघंही दचकले. माकाबेचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खण उघडला. आत रुमालात गुंडाळलेली, तपकिरी काचेची छोटी बाटली होती. चिठ्ठी वाचायची गरजच नव्हती. गाठी सोडवणारं औषध.

"तुम्ही घातलंत?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत चोरी नव्हती. केविलवाणेपणा होता, एखाद्याचं कपडे सुटलेलं अंग आपल्याला चुकून दिसावं तसा.

"मी ती लपवली," तो म्हणाला. "कुठे सापडली ते विचारू नका. हवं तर मीच घातलं म्हणून लिहा. माझं नाव तसंही गेलेलंच आहे."

५

बाहेर अंधार लवकर पडला. घरी कोसाकु ओट्यापाशी उभा राहून मुळा कापत होता. तकुआन, त्याच्या आईच्या हातचा, भुश्यात मुरवून पिवळाधमक झालेला. स्वयंपाकघरात त्याचा वास भरून राहिला होता.

"आज शेवटचं मीठ खातो," तो म्हणाला. "उद्यापासून तुझ्या सेन्सेईंचा प्रसाद."

"अहो, उद्या जाऊ नका."

"का?"

"उंदीर मेले."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली, जरा सावकाश. "अगं, बाबांचा पाय कापला तेव्हा मी तिथे होतो. आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा. माणूस थोडा थोडा जातो. मला तसं जायचं नाही. सेन्सेईंनी माझं नाव स्वतः निवडलं. मी नाही म्हटलं तरी बाकीचे पितीलच की. कारण सांग, मी त्यांनाही थांबवतो. कारण आहे तुझ्याकडे?"

बाटली वाईट आहे एवढंच तिला ठाऊक होतं, का आणि कुणामुळे ते नाही. ती बसली. त्याने मुळ्याची बशी पुढे सरकवली, तिने एक फोड तोंडात घातली, आणि चावता चावता थांबली.

वास तोच होता, पण तो नव्हता. या वासाच्या पाठीमागे भुश्याचा गोडसर दरवळ होता, मिठाचा, आईच्या हाताचा. शीतखोलीबाहेरच्या वासात यातलं काही नव्हतं. नुसता उग्र, नागडा वास. मुळ्यातून मुळा वजा करावा तसा.

तिने त्सुकुदाबाईंना फोन लावून विचारलं, तुम्ही डब्यात तकुआन आणता का?

"तकुआन? छे हो! नववर्षाच्या आधीच डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. डब्यात नुसता उकडलेला भोपळा नेते."

"मग सगळे कुजबुजतात ते तुम्ही ऐकता ना? सांगत का नाही, माझा डबा नाही म्हणून?"

पलीकडे त्सुकुदाबाईंनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हलक्या आवाजात त्सुकुदाबाई म्हणाल्या, "माझा नाही म्हटलं, तर कुणाचा, असं विचारतील ना. वास कुठून येतो ते मला ठाऊक होतं. काय आहे ते ठाऊक नव्हतं, शपथ. पण त्या बाटलीला सेन्सेईंची शुभगाठ होती."

मिचियोने फोन ठेवला आणि टेबलाची कड घट्ट धरून बसली. लख्ख ऊन आणि हिमवादळ. मागे उभी असलेली ओरिहारा आणि तापाने अंथरुणात असलेली ओरिहारा. मुठीवरचा लाल धागा, जो सजावट नव्हता, स्वतःची खोली ओळखता यावी म्हणून खूण होती. दोन जोडांमधल्या चपला, आणि माकाबेने लपवलेली बाटली, जी कुणाकडे सापडली ते तो सांगेना. तिच्या हातात गरम असलेला चहाचा कप.

सेन्सेई खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरोखरच तो दिवस पाहिला होता. फक्त तो या वर्षीचा नव्हता.

"काय झालं?" कोसाकुने विचारलं. "भूत पाहिल्यासारखं काय करतेस?"

"सकाळी मी आधी जाते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत कपाला तोंड लावू नका. एवढं करा माझ्यासाठी."

६

सकाळी ओरिहारा तिला यंत्राच्या खोलीत सापडली. बाटलीतला एक थेंब यंत्रात घालून गाठी बसल्या आहेत की नाही ते पाहणं, हे इतर प्रत्येक बाटलीच्या बाबतीत तिचंच काम. या एका बाटलीच्या बाबतीत तिने ते केलं नव्हतं. गुरूच्या हातचं यंत्राला दाखवायचं म्हणजे गुरूची परीक्षा घ्यायची. आज ती पडद्यासमोर बसली होती, आणि डोळे सुजलेले होते.

"एकही नाही," ती म्हणाली. "एकही गाठ नाही."

"तुम्ही सांगा त्यांना. आत्ता. मी बाहेरची आहे."

"सांगते," ओरिहारा म्हणाली. उठली, केस सारखे केले, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा म्हणाली, "सांगते."

सांगितलं नाही. मिचियो मागोमाग वर पोचली तेव्हा सभागृहात सगळे बसले होते. पांढऱ्या कापडावर ओळीने झाकलेले कप. कोसाकु कडेच्या खुर्चीवर, लग्नातला कोट घालून. टेबलाच्या मध्यभागी बाटली, गळ्याला ती लाल-पांढरी गाठ, सुरेख, डौलदार. हाताला आठवत होतं ते डोक्याला आठवत नव्हतं. सेन्सेई बोलत होते आणि अतिशय सुंदर बोलत होते. ओरिहारा त्यांच्या अर्ध्या पावलावर मागे उभी होती, भिंतीसारखी.

कपांवरची झाकणं निघाली. वास पसरला.

"त्सुकुदासान, प्रसादात मुळा घातलात की काय?" कोसाकु म्हणाला आणि औषध घ्यायला आलेले पाहुणे हसले. प्रयोगशाळेतलं कुणी हसलं नाही.

"कप खाली ठेवा," मिचियो म्हणाली.

तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"सेन्सेई, तुम्ही मला शोधायला सांगितलंत. मी शोधलं. बाटलीत विष नाही. उंदरांच्या आतड्यात विषाची खूण नाही, तिथे नुसतं ओसाड झालंय. गुंड आणि घरचे, सगळे मारले गेलेत. म्हणजे राखणदाराचं शहाणपण गेलंय, म्हणजे गाठी सुटलेल्या आहेत. डिसेंबरच्या बाटलीवरचा पिंजरा जिवंत आहे, तेव्हा दोष फक्त या बाटलीत आहे. आणि हा वास मुळ्याचा नाही. गाठी सोडवणाऱ्या औषधाचा आहे. ते काढून टाकायचं आणि मग गाठी बसू द्यायच्या. ते काढलंच गेलेलं नाही. नववर्षापासून सगळ्यांना हा वास येतोय आणि सगळे म्हणताहेत, त्सुकुदासानचा डबा."

"म्हणजे कुणीतरी नंतर घातलं," सेन्सेई म्हणाले. त्यांनी आपल्या माणसांवरून नजर फिरवली. "कोण? नाव सांगा, सेगावासान."

मिचियोने तोंड उघडलं. समोर तो चेहरा होता, प्रेमळ, घाबरलेला, विश्वासाने तिच्याकडे पाहणारा. तिने आपल्या नवऱ्याच्या कपाकडे पाहिलं, पुन्हा त्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाव ओठांवर येऊन थिजलं. माकाबे जमिनीकडे पाहत होता. त्सुकुदाबाई रुमालाचं टोक पिळत होत्या. प्रत्येकाने आपापला तुकडा जपून ठेवला होता. एकाने बाटली, एकीने चपला, एकीने लाल धागा. मायेनेच. आणि त्या सगळ्या मायेची बेरीज इथे पांढऱ्या कापडावर मांडलेली होती, वाफाळती.

"कुणीच नाही ना?" सेन्सेई म्हणाले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्यांना हायसं वाटत होतं. "कुणी नाहीच. माझ्या माणसांतलं कुणी असं करणारच नाही. गाठी मी स्वतः बसवल्यात. मला लख्ख आठवतं. ऊन पडलं होतं. उंदीर दुसऱ्या कशाने मेले असतील. पाहुण्यांच्या मनात शंका राहू नये, म्हणून आधी मी घेतो."

त्यांनी टेबलावरचा एक कप उचलला.

ते पाहून बाकीच्यांनीही उचलले. गुरू पीत असताना आपण कप टेबलावर ठेवून बसायचं, असं मिनातोबेत्सुत कुणाला शिकवलेलं नाही. कोसाकुने मिचियोकडे पाहिलं. वचन त्याला आठवत होतं, त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पण त्याचा हात सवयीने वर चालला होता. मिचियो खुर्च्या लोटत धावली. मध्ये टेबल होतं, मध्ये माणसं होती. सेन्सेईंचा कप ओठांना लागला.

मागून एक हात आला आणि त्या कपावर पालथा पडला. औषध सेन्सेईंच्या बाहीवर सांडलं. इतकी वर्षं अर्ध्या पावलावर मागे चालणारी ओरिहारा पहिल्यांदाच त्यांच्या पुढे येऊन उभी होती.

"ओरिहारा?" ते गोंधळून म्हणाले. "हे काय? तूच तर होतीस तिथे. माझ्यामागे. सांग ना यांना."

"मी नव्हते, सेन्सेई." ती त्यांची ओली बाही दोन्ही हातांत धरून उभी होती, जणू सोडली तर ते पडतील. खोलीत सगळ्यांचे कप हवेतच थांबले होते. "ते ऊन मागच्या वर्षीचं. यंदा हिमवादळ होतं आणि मी तापात होते. गाठी सोडवल्यात आणि बसवायच्या राहिल्या. तुम्ही विसरता, सेन्सेई. दोन वर्षं झाली. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."